सही जुळत नाही तेव्हा : पार्किन्सनसोबत दिवस कसा लावावा

बँकेनं माझा चेक परत पाठवला. चार हजार दोनशेचा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा. कारण लिहिलं होतं : सही जुळत नाही. मला आधी हसू आलं, कारण हेच वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. १९८१ ते २०१८ मी नागपुरात पोस्टात नोकरी केली, त्यातली निम्मी वर्षं बचत खात्याच्या काउंटरवर. नमुना सही आणि फॉर्मवरची सही शेजारी ठेवून एका नजरेत ताडायची, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला व्याज काढायला यायचे. त्यांची सही मुंग्यांच्या रांगेसारखी, शेवटाकडे आणखी बारीक होत जाणारी. मी त्यांना तीन-तीनदा करायला लावायची. मागची रांग कुरकुरायची, तसा त्यांचा हात जास्तच थरथरायचा. ‘काका, नीट करा न,’ असं मी म्हटलेलंही आठवतं. त्यांना काय होत असेल ते मला २०१७ साली उमगलं, माझ्या उजव्या हाताचं तेच झालं तेव्हा.

तेव्हापासून जे शिकले, ते इथं लिहिते. मी डॉक्टर नाही. माझी गोळी किती मिलिग्रॅमची हे मुद्दाम सांगत नाही, ते तुमच्या उपयोगाचं नाही. वेळांबद्दल मात्र भरपूर सांगणार आहे.

आधी एवढंच, की पार्किन्सन, म्हणजे कंपवात, हात थरथरण्यापासून सुरू होतोच असं नाही. कित्येकांचा हात कधीच थरथरत नाही. माझा खांदा आखडला म्हणून मी वर्षभर शेक घेतला. तारखेचा शिक्का मी डाव्या हातानं मारायला लागले, हे माझ्या नाही, शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. त्याच्याही कितीतरी आधी सांभारवडी करताना मला सांभाराचा वास येईनासा झाला होता. (नागपूरबाहेरच्यांसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर.) आणि झोपेत मी हातपाय झाडायची, स्वप्नात रांगेतल्या लोकांशी भांडायची. ह्यांनी दोनदा लाथ खाल्ली. वास जाणं, स्वप्नात हातपाय चालवणं, बद्धकोष्ठ, हे सगळं आजार दिसायच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं. आम्ही मात्र नाकाला सर्दी आणि स्वप्नाला नोकरी, अशी कारणं लावून मोकळे झालो होतो.

घड्याळ गोळीचं

माझी पहिली गोळी सकाळी सहाला. ती रात्रीच डबीत काढून उशाशी ठेवलेली असते, शेजारी पाण्याचा गडवा. गोळी घेऊन मी पुन्हा आडवी होते, पंजे वर-खाली करत पडून राहते. पावणेसातच्या सुमारास गाऊनचं वरचं बटण लावून बघते. एका हातानं लागलं, की गोळी लागली. मग उठायचं.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू मरतात. हालचाल सुरू करायला, ती सरळ चालू ठेवायला हे डोपामिन लागतं. माझ्या गोळीतली लेवोडोपा पोटात जाते, रक्तातून मेंदूत पोचते आणि तिचं डोपामिन बनतं. गोळीत सोबत असलेली कार्बिडोपा तिला वाटेतच खर्च होऊ देत नाही. सुरुवातीची काही वर्षं एक गोळी पुढच्या गोळीपर्यंत सहज पुरते. नंतर ती आधीच उतरायला लागते. तेव्हापासून दिवसाचे सरळ दोन भाग पडतात : अंग चालू असण्याचे तास आणि बंद असण्याचे तास.

हे तास ओळखायला मी पोस्टातल्यासारखी वही घातली. रकाने चारच : वेळ, गोळी, काय खाल्लं, अंग कसं. ‘अंग कसं’मध्ये एकच शब्द लिहायचा. चालू, मंद, बंद किंवा नाच. नाच म्हणजे गोळी जास्त चढल्यावर मान-खांदे आपोआप डुलतात ते. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला, प्रत्यक्षात ते औषधामुळं होत असतं. ही वही डॉक्टरांकडं जायच्या आधीचे चार-पाच दिवस भरली तरी पुरते. धंतोलीतल्या खोलीत डॉक्टर मला दहा मिनिटं बघतात, आणि त्या दहा मिनिटांत मी हमखास चालू असते, कारण घरून गोळी घेऊनच निघालेली असते. दुपारी चारला मी कशी असते ते त्यांना वहीच सांगते.

याच वहीनं माझा एक चोर पकडून दिला. दर रविवारी दुपारी माझं अंग बंद. इतर दिवशी एकची गोळी अडीचपर्यंत बरी चालायची, रविवारी लागायचीच नाही. दोन-तीन महिने मी आठवड्याचा शिणवटा म्हणत राहिले. मग ‘काय खाल्लं’चा रकाना वरून खाली वाचला. रविवारी आमच्याकडं गोळाभात. भिजवलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे, भात, वरून हिंग-मोहरीचं कढत तेल. मी सव्वाबाराला जेवायची आणि एकला गोळी घ्यायची. डाळीतली प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून रक्तात, आणि पुढं रक्तातून मेंदूत, एकाच दारानं शिरतात. दार अरुंद. डाळीची गर्दी आधी पोचली, की गोळी बाहेर टोकन घेऊन बसते. गोळ्यानं गोळी खाल्ली, असं आमचे हे तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतात.

म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळायचं, तेव्हा डॉक्टरांनी सोबत एखादं साधं बिस्किट खायला सांगितलं होतं. दुधाबरोबर मात्र घेऊ नये. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेवोडोपात दोन तासांचं तरी अंतर हवं. डाळ-दूध-पनीर बंद करू नका, या आजारात वजन तसंही उतरतं. आम्ही फक्त ते दुपारच्या ताटातून रात्रीच्या ताटात नेलं. गोळाभात आता रविवारी रात्री आठला होतो आणि मी दोनदा वाढून घेते.

गोळी मनानं बंद करायची नाही, एक दिवसही नाही. अचानक तोडली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. म्हणून घरात पंधरा दिवसांचा साठा ठेवा. औषधवाला ‘उद्या या’ म्हणतो, तो उद्या कधीकधी सोमवारी उजाडतो.

कंपवाताला आयुर्वेदात खाजकुइलीचं बी देतात, आणि त्यात खरोखरच लेवोडोपा असते. माझ्या वहिनीनं पुडी आणून दिली होती. त्यात अडचण अशी, की पुडीत ती किती आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. आधीच्या गोळीवर ती चढली, की माझा नाच सुरू. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. पुडी आजही फडताळात आहे, वहिनी आल्या की मी ती पुढं काढून ठेवते.

आता सही

चेक परत आला त्या दिवशी संध्याकाळी मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पाच सह्या केल्या. पहिली बरी, पाचवी ओळखू न येणारी. बोटं थांबत नव्हती, अक्षरच आपोआप आकसत होतं. आपल्याला वाटतं आपण नेहमीएवढंच लिहितोय, ही त्यातली खोच. चालण्याचं, बोलण्याचंही तसंच. पाऊल छोटं पडतं, आवाज लहान होतो, आणि आतून सगळं पूर्वीसारखंच वाटत असतं.

नातवाची दुरेघी वही घेतली. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं, वरच्या रेघेला टेकवायचं, खालच्या रेघेला टेकवायचं. रेघ समोर असली की अक्षर मोठं राहतं, कारण हाताला आतल्या अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही, डोळा रस्ता दाखवतो. शब्द झाला की पेन उचलायचं, श्वास घ्यायचा, पुढचा शब्द. जाड पेन घ्या, नाहीतर साध्या पेनाला रबरी नळीचा तुकडा चढवा. मी रोज सव्वासातला, अंग चालू असताना, एक पान लिहिते. सुविचार लिहायचा कंटाळा येतो म्हणून किराण्याची यादी लिहिते. फल्लीदाणे अर्धा किलो, पोहे एक किलो, जवस पाव.

पण सराव करून जुनी सही परत येईल या भ्रमात राहू नका. मी बँकेत गेले. साडेदहाला गोळी घेऊन सव्वाअकराला काउंटरवर. रांगेत उभी राहिले नाही, खुर्ची मागितली. बसल्यावर पहिलं वाक्य : ‘मला पार्किन्सन आहे, हात हलेल, वेळ लागेल.’ एवढं बोलले आणि हात अर्ध्यानं शांत झाला. लपवताना जो ताण येतो त्यानंच तो जास्त हलतो. माझं गाडं कित्येक महिने इथंच अडलं होतं. पदराखाली हात, खिशात हात, पिशवीच्या बंदात हात, आणि सारं लक्ष त्या हातात. समोरच्यानं दारू प्यायल्यासारखं बघण्याआधी आपणच सांगून टाकलेलं बरं.

तिथं तीन कामं केली. नवी नमुना सही दिली, दोनच अक्षरांची, आता जमते तशी. खातं ह्यांच्यासोबत जोडून ‘दोघांपैकी कोणीही’ करून घेतलं. आणि पुढं सहीच जमेनाशी झाली तर काय, ते विचारून ठेवलं. आजारी किंवा वृद्ध खातेदाराला अंगठ्यानं पैसे काढता येतात. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, पण काउंटरवरच्या पोरीला तो माहीत नव्हता. मला राग आला नाही. मला तरी त्या काकांच्या वेळी काय माहीत होतं?

पेन्शनरांसाठी आणखी एक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून देता येतो, बोटाचा ठसा थरथरला तर हा मार्ग चांगला. फक्त ते अ‍ॅप म्हणतं, डोळे मिचकवा. आणि पार्किन्सनवाल्याचे डोळे मिचकायचेच कमी होतात. पहिल्या वर्षी मी फोनकडं रोखून बघत बसले, फोन माझ्याकडं. शेवटी सून म्हणाली, ‘आई, टाळी वाजवते, दचका.’ दचकले, दाखला झाला.

दार, पाय आणि उंबरठा

स्वयंपाकघराच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटतात. मोकळ्या हॉलमधून व्यवस्थित येते, दारात आले की खलास. वरचं शरीर पुढं, पाय मागं. या क्षणी मागून कोणी ‘चाल न लवकर’ म्हटलं, हात धरून ओढलं, की पडायचीच पाळी. घरच्यांना सगळ्यात आधी हे शिकवा : ओढू नका, घाई करू नका, बोलूही नका.

थांबायचं. श्वास. वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. मग मनात ठेका धरून मोठं पाऊल. मी लेझीमचा ठेका धरते, शाळेतला, एक-दोन-तीन-चार. दारासमोर फरशीवर लाल इन्सुलेशन टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, एका पावलाच्या अंतरानं चार. पट्टी दिसली की पाय ती ओलांडायला उचलला जातो. साधं चालणं आपोआपचं काम, ते खातं बंद पडलेलं. ओलांडणं हे ठरवून करायचं काम, त्याचं खातं वेगळं, अजून सुरू आहे.

बाहेर पट्ट्या नसतात. तिथं हे आपला पाय माझ्यापुढं आडवा टाकतात आणि म्हणतात, ओलांड. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, चुकून पाय लागला तरी नमस्कार करत आले. आता दिवसातून चारदा ह्यांचा पाय ओलांडते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

जागेवर गर्रकन वळू नका, बरेच लोक तिथंच पडतात. बस वळते तसा मोठा वळसा घ्या. दोन्ही हातांत सामान नको. पायपुसणी सगळी उचला, सपाता टाका, मागं पट्टा असलेली चप्पल घाला. न्हाणीघरात धरायला दांडा ठोका, टॉवेलचा नाही, भिंतीत बसवलेला. कुशीवर वळायला अंथरूण थोडं घसरतं असलेलं बरं. माझी जुनी रेशमी साडी कमरेच्या भागात आडवी घातली आहे.

स्वयंपाक सोडला नाही, वेळ बदलली. फोडणी, तळण, विळी ही सगळी कामं चालू तासांत. कोपराखाली ओलं फडकं ठेवलं की कणीक मळताना कोपर फिरत नाही. चहा अर्धा कप, दोनदा. आणि वास जात असेल त्यांनी हे विसरू नका : गॅस गळला तर आपल्याला कळणार नाही. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि मी तिथंच उभी राहून भाजी निवडत होते. शेजारची पोरगी धावत आली. त्या दिवसापासून रात्री रेग्युलेटर बंद, आणि ओट्याजवळ गॅसचा भोंगा लावलाय.

व्यायामाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. गोळीइतकंच त्याला महत्त्व आहे, आणि रोजचा हवा. मी सकाळी साडेसातला मोठी पावलं टाकत, हात मुद्दाम हलवत अर्धा तास चालते. आठवड्यातून एकदा सुभाषनगरहून मेट्रोनं झाशी राणी चौकात जाते आणि परत येते, काही काम नसलं तरी. लिफ्ट आहे, सरकत्या जिन्याच्या वाटेला जात नाही. दार उघडायच्या आधी उभी राहून वजन डावं-उजवं करून ठेवते. पहिल्यांदा गेले तेव्हा दार माझ्या तोंडावर बंद झालं. फलाटावर हसू आलं, मग रडू. पुढच्या गाडीनं गेले.

आवाज आणि घास

फोनवर लोक ‘हॅलो, हॅलो’ करायला लागले तेव्हा मला वाटलं लाईन खराब आहे. खराब माझा आवाज होता. उपाय एकच, ठरवून मोठं बोलायचं. आपल्याला ओरडल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्याला ते नेहमीचं वाटतं. एका श्वासात ‘आऽऽ’ लांबवायचा, दहादा. मग मी माझा जुना पाठ म्हणते. गॅलरीत उभी राहून, समोरच्या गुलमोहराकडं बघून : ‘टोकन नंबर बेचाळीस! पासबुक आणलं का?’ खालचा भाजीवाला आधी बिचकायचा. आता कधीकधी तोच उत्तर देतो, ‘आणलं न बाई!’

चेहराही आखडतो. हसलेलं दिसत नाही. शेजारच्या काकूंना वर्षभर वाटत होतं मी त्यांच्यावर रुसले आहे. हेही आधी सांगून टाका.

घास गिळताना हनुवटी किंचित खाली, पाठ सरळ, तोंडात घास असताना बोलणं नाही. पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, भरपूर, कोरडे पोहे घशाला चिकटतात. नागपूरकराला हे काही पथ्य वाटायला नको. वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते अंगावर काढू नका. पोट साफ राहायला मी संत्र्याच्या फोडी चोथ्यासकट खाते, जेवणात जवसाची चटणी आणि दिवसभर पाणी. बद्धकोष्ठ असलं की गोळीसुद्धा उशिरा लागते, म्हणून हा विषय लाजून सोडू नका.

नागपूरचा मे

पंचेचाळीस अंशांत धडधाकट माणूस झोपतो, तर आपलं काय. या आजारात, आणि त्याच्या गोळ्यांनीही, उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो. डोळ्यांपुढं अंधारी. अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. मे महिन्यात दोनदा मी माठाजवळ बसकण मारली. तेव्हापासून उठायच्या आधी पेलाभर पाणी, मग कडेला बसून दोन मिनिटं पाय हलवायचे, मग काहीतरी धरून उभं राहायचं. कैरीच्या पन्ह्यात माझ्यासाठी मीठ जरा जास्त, पण ते डॉक्टरांना विचारून. ज्याचा रक्तदाब वर असतो त्यानं माझी नक्कल करू नये. कूलरमध्ये पाणी भरायची बकेट आता मी उचलत नाही. चालणं उन्हाळ्यात घरातल्या घरात, हॉल ते गॅलरी, वीस फेऱ्या.

दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

अशाच एका उन्हाळ्यात मला उलट्या झाल्या. घराजवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, उलटी थांबली. संध्याकाळपर्यंत मी पुतळा. मान वळेना, घोट गिळता येईना. उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचाच रस्ता अडवतं, हे नंतर कळलं. चक्कर येते म्हणून लिहून देतात ती प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन हीही तोच रस्ता अडवतात. रुग्णालयात कोणी रात्री बरळायला लागलं की देतात ते हॅलोपेरिडॉलही. हे सगळे शब्द पाठ करायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहा आणि पर्समध्ये ठेवा. वर ठळक : मला पार्किन्सन आहे. खाली गोळ्यांची नावं आणि वेळा, त्याखाली न चालणारी औषधं, शेवटी घरच्यांचा नंबर. भरती व्हायची वेळ आली तर कार्ड नर्सच्या हातात द्या आणि सांगा, गोळ्या वॉर्डाच्या नाही, माझ्या वेळेवर. दात काढायचा असला तरी कार्ड आधी दाखवा.

रात्रीच्या साड्या

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. लेवोडोपाच्या जोडीला मला प्रॅमिपेक्सोल, म्हणजे डोपामिनची नक्कल करणारं औषध, दिलं होतं. चार महिन्यांत मी फोनवरून चौदा साड्या मागवल्या. रात्री दोनला, तीनला. नेसते मी गाऊन नाहीतर पंजाबी ड्रेस! डबे पलंगाखाली लपवले. सून झाडायला वाकली आणि सगळं बाहेर आलं. लाजेनं मी दोन दिवस जेवले नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हे औषधाचं आहे, तुमचं नाही. या गटातल्या औषधांनी काहींना खरेदी, जुगार, खाणं असलं काहीतरी आवरेनासं होतं. हळूहळू मात्रा उतरवली, साड्या थांबल्या. हे औषध चालू असेल तर घरात एकाला तरी माहीत असू द्या. नसलेली माणसं, किडे, मांजरं दिसायला लागली तरी सांगा. वेड लागलं म्हणतील या भीतीनं लपवू नका. उदासीचंही तसंच. ती फक्त आजार कळल्याचं दुःख नसते, या आजारात मेंदूतली रसायनं बदलतात त्यानंही येते, आणि तिच्यावर वेगळं औषध असतं. मी दीड वर्ष घेतलं.

कागदांचं काम आटपून टाकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, सरकारी रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढं. तपासणीला जाताना वही न्या आणि बंद तासांत कसं असतं ते सांगा, नाहीतर गोळी घेऊन ताठ चालत गेलात तर तेवढंच बघितलं जाईल.

या पोळ्याला आम्ही माझ्या माहेरी, नागपूरच्या महाल भागात गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. भावाच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघायची, असा बेत. साडेदहाची गोळी, वरणाला हात लावायचा नाही, सव्वाअकराला खुर्ची गॅलरीत. मारबत काही वेळेवर येत नाही, हे मी लहानपणापासून जाणते, तरी हिशेब केला होता. एक वाजला तरी पत्ता नाही. पाय जड व्हायला लागले, बोटांतलं बटण निसटायला लागलं. एकची गोळी घेतली, ती लागायच्या आतच ढोल जवळ आले. पिवळी मारबत वळणावर दिसली तेव्हा मला उभंही राहता येत नव्हतं. नातू कठड्यावर लोंबकळत ओरडत होता, ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!’ मग माझ्याकडं वळला, ‘आजी, तू पण म्हण न, मोठ्यानं!’

मी पाठ सरळ केली, टोकन नंबर बेचाळीसवाला श्वास घेतला आणि ओरडले. खाली गर्दीतल्या एका पोरानं वर बघितलं.